पट्टा झाडाला, माणूस मोकळा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतले धनुर्धारी शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी पहाटेच्या अंधारातच जंगलात शिरतात. पाठीवर ॲल्युमिनियमच्या तीन-चार आखूड शिड्या असतात. त्यांना तिथे क्लाइंबिंग स्टिक म्हणतात. एकीच्या वर दुसरी बांधत पंधरा-वीस फूट चढायचं आणि मचाणावर दबा धरून बसायचं. अनेक राज्यांत सरकारी जंगलातल्या झाडांना खिळे-स्क्रू ठोकायला बंदी आहे. त्यामुळे सगळी मदार पट्ट्यावर.

पट्टा बांधणं कसबाचं काम आहे, यात शंका नाही. पीळ पडू न देता तो खोडाभोवती फिरवायचा, बकलातून कचकून ओढायचा, मग स्टिक खाली दाबायची. तिचे दाते रुतले की चढणाऱ्याच्या भाराने ती आणखी घट्ट बसते. बीचचं खोड गुळगुळीत, तिथे ती घसरू पाहते. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली. दाते लाकडापर्यंत पोचतच नाहीत. हंगाम संपल्यावर पट्टा झाडावरच राहिला तर उन्हाने विरतो, खारी कुरतडतात, वाढतं खोड त्याला ताणतं. मुरलेला शिकारी हे सगळं बारकाईने बघतो, खालच्या पायरीवर भार टाकून अंदाजही घेतो.

आणि स्वतःला कशालाही न बांधता सरसर वर जातो!

वर पोचल्यावर हार्नेस अडकवणारे पुष्कळ आहेत. पण खरा घात चढता-उतरताना, किंवा स्टिकवरून मचाणावर पाय टाकताना होतो. पुढची स्टिक बांधायला दोन्ही हात लागतात. त्या वेळी माणूस धरणार काय? विजेच्या खांबावरचा लाइनमन कमरेभोवती घेतो तसा दोर यासाठीच मिळतो. पण स्टिकचं वजन चार औंसांनी उतरावं म्हणून खिसा रिकामा करणाऱ्या हौशी मंडळींना नेमकं त्याचंच ओझं वाटतं.

बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी कपडा बहुतेक राज्यांत सक्तीचा आहे. दुसऱ्याच्या गोळीची काळजी कायद्याने घेतली. स्वतःच्या घसरत्या पायाची बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्यावर सोडली. मचाणासोबत हार्नेस देण्याचा प्रघात तिथल्या उत्पादक संघटनेने पाडला आहे. मग स्टिकच्या खोक्यातही कमरेचा दोर घालायला काय हरकत आहे?