प्रवेश मिळाला, मैदानाचे काय?

तंजावूर : भोसले घराण्यातील राजा सरफोजींचे नाव धारण करणाऱ्या येथील शासकीय महाविद्यालयासह तमिळनाडूतील शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयांत क्रीडापटूंचे विशेष समुपदेशन सर्वसाधारण प्रवेशफेरीआधी होते. फुटबॉल संघाला नवे खेळाडू मिळण्याचा हा प्रमुख मार्ग. मात्र या निवडीचा आधार क्रीडा प्रमाणपत्रे असतात. संघाला गोलरक्षक हवा की बचावपटू, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा खेळ निराळा आणि व्यवहारही निराळा. तेथे २०१८ पासून संघबदलासाठी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आहे, २०२१ मध्ये खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदलाही देऊ लागली. भारतात महाविद्यालय बदलणे म्हणजे नवा प्रवेश, विषयांची जुळवणी आणि प्रसंगी वर्ष गमावण्याची भीती.

त्यामुळे पहिली निवडच बहुधा अखेरची ठरते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असले, तरी त्यासाठी वरच्या स्तरावरील कामगिरी लागते. प्रवेशानंतर नियमित प्रशिक्षण, सकस आहार व पुरेसे सामने मिळाले नाहीत, तर राखीव जागा भरते. खेळाडू मात्र घडत नाही.