वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच का?



आमच्या शेजारच्या वहिनींची भिशी गेल्या महिन्यात लागली. मुलीचा अभ्यास, स्वतःच्या मसाल्याच्या ऑर्डरींचा हिशेब आणि धाकट्याला खेळायला चार गेम, एवढ्यासाठी साधा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. दुकानात गेल्या तर विक्रेता म्हणाला, “वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेमचं नाव काढू नका.” म्हणजे ठरल्यापेक्षा बारा हजार जास्त! धाकट्यानं तिथंच गाल फुगवले. वहिनी तशाच परतल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. “अहो, मुलीच्या क्लासची फी त्यातूनच भरायची आहे. खरंच लागतं का हे कार्ड?”

मी विचारलं, “कोणते गेम खेळणार?” यादी निघाली: पत्ते, बुद्धिबळ, कॅरम, लूडो, माइनक्राफ्ट आणि शेतीचा तो ‘स्टारड्यू व्हॅली’. म्हटलं, “मग कार्ड नको.”

का ते सांगते. पडद्यावर चित्र उमटवणारा भाग हल्ली बहुतेक प्रोसेसरमध्येच बसवलेला असतो. पत्ते, बुद्धिबळ म्हणजे त्याच्या हातचा मळ. २०१६ साली आलेल्या स्टारड्यू व्हॅलीला चित्रांसाठी २५६ एमबी मेमरी पुरते. माइनक्राफ्टही चालतो, फक्त त्यात किती लांबचं दिसावं ते अंतर थोडं कमी ठेवावं.

खरी गोम आहे रॅममध्ये. वेगळ्या कार्डाचं बिऱ्हाड वेगळं, मेमरी त्याची स्वतःची. आतलं ग्राफिक्स मात्र एकत्र कुटुंबातलं. कॉम्प्युटरच्या रॅममधूनच ते आपला वाटा घेतं. कोठीच लहान असली तर सगळ्यांचीच ओढाताण. म्हणून रॅम निदान ८ जीबी हवी, १६ असली तर उत्तम. आणि १६ची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. कोठीला दोन दारं असली की सामान भराभर बाहेर निघतं, तसंच हे.

दुकानात जाण्यापूर्वी एवढं ध्यानात ठेवा:

१. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असतं, त्यात आतलं ग्राफिक्स नसतंच. थोडा स्वस्त मिळतो म्हणून भुलू नका.

२. प्रत्येक गेमच्या माहितीत कमीत कमी काय लागतं ते दिलेलं असतं. ते कागदावर उतरवून न्या आणि दुकानदाराकडून ताडून घ्या.

३. गेम अडखळला तर आधी रिझोल्यूशन उतरवा. १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० केलं की ठिपके निम्म्याहून कमी होतात. चित्र जरा भरड दिसेल, पण गेम पळेल.

४. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू देऊ नका. हवेची भोकं बुजतात, यंत्र तापतं आणि मग आपोआप मंदावतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सिनेमासारखे दिसणारे लढाईचे मोठे, नवे गेम यावर नीट चालत नाहीत. मुलाला तेच हवे असतील तर खरेदीआधीच स्पष्ट बोला, नाहीतर रोज कटकट. डेस्कटॉप घेतला तर कार्ड पुढंमागं बसवता येतं. पेटीत तेवढी जागा आणि पुरेसा पॉवर सप्लाय आहे ना, हे मात्र आधी विचारा. लॅपटॉपमध्ये बहुधा ती सोय नसते.

वहिनींनी डेस्कटॉपच घेतला. कार्ड नाही, रॅमच्या पट्ट्या दोन. मुलीची फी वेळेवर भरली गेली आणि धाकट्याचा फुगाही दोन दिवसांत उतरला.

परवा दुपारी सहज डोकावले. मुलं बाहेर गेलेली आणि वहिनी एकट्याच कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसलेल्या! मला पाहून ओशाळल्या, घाईघाईनं बंद करायला लागल्या.

मी म्हटलं, “राहू द्या हो. भिशी कुणाची होती?”