बांगडीची काच आणि समुद्राचे जीव

फुटक्या बांगड्यांचे तोरण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कोथरूडच्या सुतारदरा, किष्किंधानगर भागातल्या वयस्क आयाबायांना विचारा, त्या कृती सांगतील. तुकडा चिमणीच्या ज्योतीवर धरायचा, काच मऊ झाली की वाकवून टोके जुळवायची आणि त्या कडीत पुढची कडी अडकवायची. आपण याला रिकामपणाचा उद्योग म्हणतो. आम्ही म्हणतो, ही विद्या आहे. याच विद्येने परदेशातली मोठमोठी संग्रहालये सजली आहेत.

लिओपोल्ड ब्लाश्का (१८२२-१८९५) हा बोहेमियातला कारागीर. घरचा धंदा दागिन्यांचा. तो काचेचे डोळेही बनवी. १८५३ साली अमेरिकेला जाताना वारा पडला आणि जहाज भर समुद्रात अडकले. त्या दिवसांत त्याने पाण्यातले जेलीफिश न्याहाळले, त्यांची चित्रे काढली. पुढे जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात १८६३ पासून तो समुद्रफुले, जेलीफिश, समुद्री गोगलगाई काचेत घडवू लागला. मुलगा रुडॉल्फ मोठा झाल्यावर हाताशी आला.

संग्रहालयांना काचेचेच जीव का हवे होते? हे प्राणी मऊ, बिनहाडांचे. मद्यार्काच्या बाटलीत ठेवले की रंग उडतो, आकार बिघडतो. काचेत मात्र त्यांचा पारदर्शक देह, एकेक तंतू जसाच्या तसा दाखवता येतो. त्यासाठी या बापलेकांनी घरी टाकीत जिवंत जीव पाळले. हत्यारे साधीच : टेबल, दिवा, पायाने चालवायचा भाता आणि चिमटे. पुढे १८८७ ते १९३६ या काळात त्यांनी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची फुले, पाने, फळे घडवली. ते नमुने ४,००० च्या वर आहेत.

काचेचे काम आपल्यालाही परके नाही. लोकांकडून पैसा पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. कोथरूडची टेकडी ओलांडली की पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे उद्घाटन १९५० साली झाले. रसायनाच्या प्रयोगांना कधी बाजारात न मिळणारी वळणदार नळी लागते, कधी दुहेरी भांडे. ते ज्योतीवर काच फुंकून हातानेच घडवावे लागते. मोठा पदवीधरही तिथे कारागिराच्या हातावर अवलंबून असतो.

म्हणून मातापित्यांना आमचे सांगणे आहे. मुलगी शिंपला, गोगलगाय, पिंपळपानाच्या शिरा बघत बसली तर तिला हटकू नका, कागद-पेन्सिल द्या. ब्लाश्कांच्या कलेचे मूळ तसल्याच बघण्यात होते. काच तापवायची झाली तर मोठ्या माणसाने शेजारी बसावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि तापलेल्या काचेला पाणी लावू नये. ती हळूहळू निवली नाही तर तडकते. आणि घरात आजीचे तोरण उरले असेल तर ते भंगारात घालू नका. आजीला समोर बसवून ते कसे केले, हे नातवंडांना दाखवायला सांगा. हातातली विद्या हातातूनच पुढे जाते.