शिक्षेची बेरीज

वीज खात्याच्या साहित्याची चोरी, नऊ खटले, प्रत्येकात दोन वर्षांची कैद. उत्तर प्रदेशातील एका माणसाच्या या शिक्षा एकामागून एक भोगायच्या ठरल्या आणि बेरीज झाली १८ वर्षे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षा एकत्रच भोगण्याचा आदेश दिला. अशा हस्तक्षेपाने कायद्याचा धाक ओसरतो, खालच्या न्यायालयांचा अधिकार आक्रसतो, असा आक्षेप घेतला जातो. पण येथे दोषसिद्धी कायम राहिली, प्रत्येक गुन्ह्याची दोन वर्षेही कायम राहिली. दुरुस्त झाले ते गुन्हा आणि शिक्षा यांचे बिघडलेले प्रमाण. दोषी माणसाच्याही आयुष्याची वर्षे मोजूनच घ्यायची असतात. वरचे न्यायालय ती मोजदाद पुन्हा करते, म्हणूनच कायद्याच्या धाकाला न्यायाचे अधिष्ठान लाभते.