हप्ता थकला? दुसरं ॲप उघडू नका!

चाकण, वाळूज, अंबडच्या कारखान्यांत, शहरातल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या बंधू-भगिनींनो,

पगाराला आठवडा असतो आणि घरात कुणी आजारी पडतं किंवा शाळेची फी अडते. पूर्वी मालकाकडून उचल घेत, आता मोबाइलवरच्या कर्ज ॲपवरून घेतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हप्ता थकल्यावर बरेचजण तो भागवायला दुसरं ॲप उघडतात, मग दुसऱ्यासाठी तिसरं. कृपा करून तिथेच थांबा.

थकण्याचे परिणाम खरे आहेत, ते लपवत नाही. खात्यात पैसे नसले की बँक बाउन्सचे पैसे कापते, कर्ज देणारी कंपनी वर दंड लावते. कंपनीने पुन्हा हप्ता ओढून पाहिला की बँकेची कात्री पुन्हा लागते. थकबाकी सिबिलसारख्या संस्थांकडे नोंदवली जाते, ३०० ते ९०० मधला स्कोअर घसरतो आणि घरकर्ज मागताना ती नोंद आडवी येते. कमी रकमेत तडजोड केली, तर अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, हेही सही करण्याआधी लक्षात घ्या. कंपनी दिवाणी दावा लावू शकते. मात्र पगारावर जप्ती आणायची तर तिला कोर्टात जावं लागतं, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये व उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग तेव्हाही सुरक्षित राहतो.

‘उद्या पोलीस घरी येतील’ ही धमकी सर्रास दिली जाते. निव्वळ पैसे नाहीत म्हणून कर्ज थकणं हा गुन्हा नाही. पण ई-मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी, बाउन्स झाला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली खटला होऊ शकतो. त्याआधी नोटीस येते आणि पैसे भरायला १५ दिवस मिळतात. म्हणून कंपनीचं पाकीट न फोडता कोनाड्यात टाकू नका. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांसमोर बदनामी यांना मनाई आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, मुदत मागा, जमेल तो हप्ता सांगा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

हे झालं नोंदणीकृत कंपन्यांचं. बोगस ॲपांची तऱ्हाच वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीला सुमारे १,१०० कर्ज ॲप सापडली, त्यातली जवळपास ६०० बेकायदा होती. त्यांचा हिशोब बघा: मंजूर १०,००० रुपये, हातात ६,५००, आणि सातव्या दिवशी मागणी पूर्ण १०,००० ची. म्हणजे आठवड्याला निम्म्याहून जास्त व्याज. गावचा खासगी सावकारही इतकं मागताना बिचकला असता! वर फोनमधले नंबर उचलून सगळ्यांना मेसेज, फोटोंची विटंबना. कायदेशीर ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि गॅलरी मागण्याची परवानगीच नाही. परवानगी असलेल्या ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. कर्ज घेण्याआधी ती पाहा. धमक्या येत असतील, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, १९३० वर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. असल्या लोकांचं पैसे देऊन समाधान होत नाही, मागणी वाढत जाते.

गरज खरीच असेल, तर कामगार पतसंस्थेत आधी विचारा. कारखान्यांच्या व्यवस्थापनांनाही विनंती, की अडचणीत पगारातून बिनव्याजी उचल देण्याची सोय ठेवा आणि ती सूचनाफलकावर लावा.

आणि सहकाऱ्यांनो, शेजाऱ्यांनो, एखाद्याच्या कर्जाबद्दल तुमच्या मोबाइलवर घाणेरडा मेसेज आला, तर तो ग्रुपवर टाकू नका. ज्याच्याबद्दल आहे त्याला एकट्याला गाठून दाखवा, तक्रारीसाठी जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत जा.