वाकायचं कुणापुढं?



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. आपल्या वस्त्यांतून संध्याकाळी फिरा. कुठं शाळेच्या हॉलात, कुठं समाजमंदिरात पांढरे ड्रेस घातलेली पोरंपोरी रांगेत उभी दिसतील. पंच, ब्लॉक, किक. कराटेचा क्लास. आमचे काही जुने कार्यकर्ते यावर नाक मुरडतात. म्हणतात, ‘जोहार सोडला तो काय जपानी रीतीनं वाकायला?’

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. वाकणं म्हणजे काय, हे आमच्या बापजाद्यांच्या कण्याला विचारा. ‘जोहार मायबाप’ म्हणत ते वाड्यापुढं वाकले. वाडा उलट वाकला नाही. एकदाही नाही. चळवळीनं तो जोहार फेकून दिला आणि ‘जय भीम’ आला. जय भीम म्हटलं की समोरून जय भीमच येतो. त्यात वरचा-खालचा नाही.

आता कराटेतलं वाकणं बघा. क्लास सुरू होताना पोरं मास्तरापुढं वाकतात, मास्तरही पोरांपुढं वाकतो. लढायला उभे राहिलेले दोघंही एकमेकांपुढं वाकतात. रीत अशी आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वाकणं परत येतं का ते बघा. येत असेल तर बिनधास्त शिका. येत नसेल तर तो क्लास नाही, वाडाच आहे.

पण म्हणून जपानची आरती ओवाळायचं कारण नाही. पोस्टरवर तलवारवाला सामुराई असतो आणि आमची पोरं त्याला हिरो समजतात. अरे, तो जन्मानं सामुराई होता! 1588 साली हिदेयोशीनं शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली. पुढं तलवार कुणी बाळगायची हे जन्मावर ठरलं. आणि त्या सामुराईच्या चिलखताचं कातडं कमावणारी, मेलेली ढोरं सोलणारी माणसं? ती वस्तीबाहेर. विटाळाची. ओळखीचं वाटतं ना? 1871 ला सरकारी हुकमानं त्यांचा तो हलका दर्जा रद्द झाला, अपमान गेला नाही. मग 3 मार्च 1922 ला क्योतोमध्ये त्यांनी आपली संघटना उभी केली, सुईहेइशा. सगळ्यांना एका पातळीवर आणणारे, असा त्या नावाचा अर्थ. त्याच वर्षी ओकिनावा बेटावरून आलेले फुनाकोशी गिचिन टोकियोत कराटेची प्रात्यक्षिकं करत होते. क्लासच्या भिंतीवर फुनाकोशींचा फोटो मी पाहिलाय. सुईहेइशाचं नाव एकाही भिंतीवर पाहिलं नाही. ते आपण लिहायचं.

ओकिनावातही ही विद्या पूर्वी बहुतेक दरबारी घराण्यांत, दार लावून शिकवली जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू आंको यांनी ती शाळेत नेली. दाराआडची विद्या शाळेत आली तेव्हा ती सगळ्यांची व्हायला लागली. फुल्यांच्या लेकरांना हे वेगळं सांगायला नको. खुद्द जोतीराव पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकले. मांगाचा वस्ताद, माळ्याचा चेला. ज्यांनी शिकायचंच नाही असं धर्मानं ठरवलं होतं, त्यांच्यातलाच माणूस शिकवायला उभा राहिला. तेव्हा तालीम आपल्याला परकी नाही. तंत्र परकं असेल तर असू दे. चांगलं आहे ते घ्यायचं.

आता मुठीनं काय होतं नि काय होत नाही, ते बोलू. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. गोळीपुढं ब्लॅक बेल्ट चालत नाही. तिथं संघटना लागते, वर्षानुवर्षं कोर्टात टिकणारे साक्षीदार लागतात. चार किका शिकून क्रांती होते असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला बनवतोय.

मग कराटे कशाला? अंग चोरून चालायची सवय मोडायला. क्लासात पंचाबरोबर पोटातून ओरडायला लावतात, त्याला किआई म्हणतात. आमच्या कित्येक पोरींना पहिल्या दिवशी ओरडताच येत नाही. आवाज दाबायचं शिक्षण घराघरात फुकट मिळतं ना! तिसऱ्या महिन्यात त्याच पोरी हॉल दणाणून सोडतात. लोकलच्या गर्दीत कुणी अंगाला हात लावला तर हा आवाज आधी कामाला येतो, मूठ नंतर.

आणि पोरांनो, पहिला वार आपला नसतो, ही फुनाकोशींची शिकवण. महाडला 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांची डोकी फोडली गेली. त्यांच्यात पलटणीत राहिलेले गडी होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. भ्यालेल्याचं गप्प बसणं वेगळं, ताकदवानाचं आवरणं वेगळं. क्लास शिकून कुणी नाक्यावरचा दादा होणार असेल, घरी बायकोवर हात टाकणार असेल, तर तो बेल्ट चुलीत घाला.

आणखी एक. यलो, ऑरेंज, ग्रीन. दर बेल्टला परीक्षा, दर परीक्षेला फी. धुणीभांडी करणाऱ्या आईचं पोरगं फीपायी पांढऱ्या पट्ट्यावरच अडकलेलं मी एका क्लासात पाहिलंय. त्याच्यापेक्षा कच्ची पोरं पैसे भरून पुढं गेली. ही नवी वर्णव्यवस्था आपल्या समाजमंदिरात चालू द्यायची नाही.

म्हणून जिथं हॉल आहे तिथं क्लास सुरू करा. फी ऐपतीप्रमाणं घ्या. निम्म्या जागा पोरींच्या. जो शिकेल त्यानं पुढच्या दोघांना शिकवायचं. तासभर अंगमेहनत झाली की तासभर वाचन.

आणि मास्तर उलट वाकला नाही तर? भांडत बसू नका. जय भीम म्हणा, चटया गुंडाळा, शेजारच्या हॉलात मांडा.