लेसर छोटा झाला, तरी निदान आधीच हवे

“डॉक्टर, लेसरने करू ना? म्हणजे कापाकापी नको!” मूळव्याधीचे रुग्ण हल्ली हमखास असे म्हणतात. पण लेसर म्हणजे जादू नव्हे. अशा उपचारांत त्याचा प्रकाश शरीरात शोषला जातो आणि त्याची उष्णता होते, एवढेच.

१९६२ साली अमेरिकेत पहिले सेमीकंडक्टर लेसर बनले, तेव्हा ते द्रव नायट्रोजनने थंड ठेवावे लागत. आज त्याच जातीचा शक्तिशाली डायोड लेसर टेबलावरच्या छोट्या यंत्रात मावतो. म्हणूनच तो गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचला. ही प्रगती मोठीच आहे.

मात्र प्रत्येक लेसर प्रत्येक कामाचा नसतो. ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश केसांतले मेलॅनिन शोषते, म्हणून तो नको असलेले केस काढायला वापरतात. १४७० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी जास्त शोषते. तो पायाच्या व्हेरिकोज व्हेन्स आतून बंद करायला उपयोगी पडतो. तरंगलांबी किंवा पॉवर चुकली तर त्वचा भाजू शकते. शिवाय हा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे योग्य चष्मा हवाच.

माझे मत स्पष्ट आहे : यंत्र नंतर, निदान आधी. सुरुवातीच्या मूळव्याधीला बहुधा चोथायुक्त आहार, भरपूर पाणी आणि न कुंथणे पुरते. व्हेरिकोज व्हेन्ससाठी आधी डॉप्लर तपासणी करावी.

जाहिरात पाहून जाऊ नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : मला लेसरची गरज का आहे? दुसरा उपाय कोणता? त्रास पुन्हा होऊ शकतो का? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.